ठेवलेली, रखेल, अंगवस्त्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांना आपल्या भाषेत काय काय म्हणतात, यावर मी आज बोलणार आहे. विषय ऐकताच दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, तो मी पाहिला! पण हे शब्द आपण सर्वांनीच कधी ना कधी उच्चारलेले आहेत.

‘ठेवलेली’ घ्या. ठेवावयाची असते ती वस्तू. पेढीवरच्या पैशाला आपण ‘ठेव’ म्हणतो. ‘रखेल’ हिंदीतून आला. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘रक्ष्’ धातू आहे. धातू रक्षणाचा, पण त्या शब्दाने बाईचे रक्षण एक दिवसही झाले नाही. ‘अंगवस्त्र’ म्हणजे वास्तविक उपरणे. खांद्यावर घ्यावे, नकोसे झाले की खुंटीला अडकवावे. पेशवाईच्या कागदांत ‘नाटकशाळा’ भेटते. नाचगाण्याची जागा आणि तिथली बाई, दोहोंना एकच नाव! आणि ठेवणाऱ्या पुरुषाला? फार तर ‘रंगेल’ म्हणतील, तेही हसत हसत.

धर्मशास्त्रातला शब्द ‘अवरुद्धा’. तो याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. अवरोध म्हणजे अडवणूक. घरात कोंडून एकाच पुरुषापुरती राखलेली ती अवरुद्धा. शब्द कोंडण्याचा, पण त्यात भाकरी होती. मुंबईहून गेलेल्या एका दाव्यात १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने अशा बाईचा, मृत पुरुषाच्या मिळकतीतून अन्नवस्त्र मिळण्याचा हक्क मान्य केला. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने आश्रितांची यादी केली. तीत अनौरस मुले आली. त्यांची आई आली नाही. शब्द गेला, त्याबरोबर भाकरीही गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ असे शब्द आले, तेव्हा कुठे दार किलकिले झाले.

तरी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालात ‘कीप’ हा शब्द आला, आणि इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात त्याला हरकत घेतली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालात ‘विश्वासू रखेल’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली कडक ताशेरे मारले. आताची मुले ‘लिव्ह-इन’ म्हणतात. शब्द परका खरा, पण तो दोघांनाही सारखाच लागू पडतो.

आमच्या आळीत एक बाई होत्या. तीसेक वर्षे त्या एका गृहस्थांबरोबर राहिल्या. ते होते तोवर साऱ्या आळीच्या त्या ‘वहिनी’. ते गेले, गावाहून भाऊबंद आले, आणि तेराव्याच्या आत वहिनींची ‘ती बाई’ झाली. खोलीचे कुलूप बदलले तेव्हा आम्ही चौघीजणी जिन्यात उभ्या होतो. ‘या वहिनी आहेत’ एवढे तीन शब्द म्हणावयाचे होते. कोणी म्हटले नाहीत, मीही नाही.

त्या आपल्या मंडळाच्या सभासद होत्या. नोंदवहीत त्यांच्या नावापुढचा ‘पतीचे नाव’ हा रकाना त्यांनी मोकळा सोडलेला आहे. तो रकानाच काढून टाकावा, अशी लेखी सूचना येत्या वार्षिक सभेसाठी मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. तिला अनुमोदक अजून मिळावयाचा आहे.