गोल नसलेला स्फोट



औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यात आता कुणाला नवीन नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार, हेही आपण ऐकलं असेल. आज मी तिच्याकडून अपेक्षित असलेल्या आणखी एका कामाबद्दल बोलणार आहे. मोठा तारा फुटतो तेव्हा तो स्फोट कोणत्या आकाराचा असतो, हे ओळखण्याचं काम.

सूर्याच्या आठपटींहून जड तारा आयुष्याच्या शेवटी लोखंडाचा गाभा तयार करतो. लोखंडापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. आधार सुटतो आणि गाभा एका सेकंदाच्याही आत स्वतःवरच कोसळतो. उरतो तो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून अधिक, पण हिंगोली ते औंढा एवढ्या अंतरात मावेल असा. गाभा इतका घट्ट झाला की कोसळणं अचानक अटकतं आणि आघाताची लाट बाहेरच्या दिशेनं निघते आणि ताऱ्याचे सगळे थर उधळून लावते. यालाच आपण अतिनवतारा म्हणतो.

ही लाट मूळची कमजोर असते, वाटेतच अडखळते. तिला पुन्हा बळ कोण देतं? गाभ्यातून निघणारे न्यूट्रिनो कण तिला तापवतात, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. फिरत्या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तिला ढकलतं, असंही काहींचं म्हणणं आहे. यातलं खरं काय, याचा पुरावा स्फोटाच्या आकारात सापडतो. म्हणून आकाराला एवढं महत्त्व.

अडचण अशी, की दूरच्या दीर्घिकेतला अतिनवतारा मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. मग आकार कळायचा कसा? फुटलेल्या ताऱ्याच्या तप्त वायूतल्या इलेक्ट्रॉनांवरून प्रकाश विखुरतो, तेव्हा त्याच्या कंपनांना ठरावीक दिशा मिळते. याला ध्रुवीकरण म्हणतात. गोळा सगळीकडून सारखा असेल, तर एका बाजूचं ध्रुवीकरण दुसऱ्या बाजूचं खोडून काढतं आणि हाती शून्य येतं. गोळा लांबट असेल, तर थोडं शिल्लक उरतं. तेवढ्या शिलकेवरून आकार आणि त्याचा अक्ष काढता येतो.

१० एप्रिल २०२४ रोजी वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत असा एक स्फोट दिसला. अंतर सुमारे २ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. नाव पडलं एसएन २०२४जीजीआय. फुटलेला तारा तांबडा महाराक्षसी, सूर्याच्या बारा ते पंधरापट जड. शोध लागल्यावर अवघ्या २६ तासांत चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपनं त्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजलं. आघाताची लाट ताऱ्याचा पृष्ठभाग फोडून बाहेर पडत होती, आणि तिचा आकार गोल नव्हता. तो लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळता होत गेलेला निघाला. पुढच्या दिवसांत तो भोवतालच्या वायूवर आदळून चपटा होत गेला, पण नंतर उघड्या पडलेल्या थरांनीही तोच अक्ष धरला होता. म्हणजे लाटेला आतूनच एक ठरावीक दिशा होती. एखादा दिवस उशीर झाला असता, तर तो पहिला आकार हातचा गेला असता.

तरीही प्रकाश सांगतो ते बाहेरच्या थरांबद्दल. गाभ्यात काय घडलं, हे प्रकाशाला सांगता येत नाही. तो तिथून बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. गुरुत्वीय लहरी मात्र थेट गाभ्यातून निघतात आणि वाटेत त्यांना काही अडवत नाही. त्यांचाही नियम तोच. गाभा अगदी गोल राहून कोसळला, तर लहर उठतच नाही. वस्तुमान वेडंवाकडं हललं, तरच ती उठते. दोन्ही पद्धतींत गोलाईतून काही हाती लागत नाही. जे कळतं ते वाकडेपणातून.

या लहरी फार क्षीण. ४ किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजांमध्ये लेसरचे किरण ये-जा करतात, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा भुजांच्या लांबीतला फरक मोजावा लागतो. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. गोंगाटातून असा संकेत शोधून काढायच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत प्रा. संजीव धुरंधर यांनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी काम सुरू केलं होतं. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये आपल्या वेधशाळेसाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

मार्च २०२४ मध्ये आपल्याकडे जमीन हादरली, तेव्हा काहींनी शंका काढली, की अशानं हे यंत्र फसणार नाही का? आरसे टांगलेले असतात, बरेच हादरे तिथेच जिरतात. शिवाय इथला हादरा अमेरिकेतल्या यंत्राला त्याच क्षणी जाणवत नाही. आकाशातून आलेली लहर मात्र काही सहस्रांश सेकंदांच्या फरकानं सगळीकडे पोचते.

स्फोटातली लहर पकडता यावी, तर तारा आपल्याच आकाशगंगेत फुटायला हवा. शतकात असे एक-दोन स्फोट होत असावेत, पण नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला शेवटचा १६०४ सालचा. पुढचा केव्हा, सांगता येत नाही. तो ऐन पावसाळ्यात, भरदिवसा, धुळीच्या मेघांआड झाला, तरी दुधाळ्याचं यंत्र त्याची लहर टिपू शकेल. लहर प्रकाशाच्या काही तास आधी येते, आणि यंत्रं जगभर पसरलेली असली की आकाशातली दिशा अधिक नेमकी कळते. मग दुर्बिणी आधीच तिकडे वळवता येतील. २६ तासांनी दिसलेला तो आकार पुढच्या वेळी पहिल्या मिनिटापासून पाहायचा असेल, तर तयारी दुधाळ्यालाही करावी लागेल.