कुंडाकाठची माणसं रंगमंचावर येऊ द्या



आपण लकडगंजात जमलोय. हा लाकूडबाजार. भाषणं संपेपर्यंत आरा मशीन बंद ठेवायचा शब्द शेजारच्या टालवाल्यांनी दिलाय. माझं लांबलं तर तो मोडायला ते मोकळे आहेत.

यंदाचा विषय आहे गावाचा इतिहास रंगमंचावर आणण्याचा. मला आठवतं ते उनकेश्वर. किनवट तालुक्यात, पैनगंगेकाठी, आपल्या यवतमाळला खेटून. गंधकाचा वास असलेलं ऊन पाणी, अन् त्वचारोग बरा होईल या आशेनं येणारी माणसं. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा. चोपड्याजवळच्या उनपदेवचे लोकही हेच ऋषी, हाच बाण सांगतात! नाटककाराला आणखी काय हवं?

आपल्याकडे मात्र अशा गावावर नाटक बसवायचं म्हटलं की बाण सुटतो, धूर निघतो, टाळ्या पडतात, पडदा. वज्रेश्वरीचं बसवलं तर चिमाजी आप्पांचा नवस आणि १७३९ चा वसईचा विजय, घोडे आलेच. हे दाखवाच, पण पुढं काय? अंगावरचे डाग पदराखाली झाकून कुंडाच्या पायरीवर बसलेली बाई, तिच्या शेजारून उठून जाणारा भाविक, धर्मशाळेत तिला खोली द्यावी की नाही यावर घुटमळणारा व्यवस्थापक यांना संवाद कोण देणार? मला विचाराल तर खरं नाटक तिथं आहे.

इब्सेननं १८८२ साली हे ओळखलं होतं. त्याच्या ‘एन एनिमी ऑफ द पीपल’मधला डॉक्टर सांगतो की गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे. ज्या पाण्यावर गाव जगतं त्याबद्दल असं बोलला म्हणून गाव त्यालाच शत्रू ठरवतं. सत्यजित राय यांनी १९८९ च्या ‘गणशत्रू’त स्नानगृहांच्या जागी देवळातलं चरणामृत आणलं आणि गोष्ट थेट आपल्या अंगणात आली.

झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटक बघणारा प्रेक्षक आपल्याजवळ आहे. त्याला असलं कथानक जड जाईल, हे मला कोणी सांगू नये.

तर्री-पोहे तयार आहेत. खाऊन या, चर्चेत भांडा, आणि इथून जाताना आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांशी बोलून एक तरी संहिता लिहायला घ्या, एवढी विनंती.