मार खाणं पुरेसं नव्हतं

(बोरिवलीतील महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मागे आमच्या अंधेरीच्या केंद्रात एक ख्रिस्ती बाई आली. नवरा मारतो हे तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि मग पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "पण त्याचं बाहेर काही नाही हो." तिच्या आईने तिला बजावलं होतं, बाहेरची बाई सिद्ध केल्याशिवाय आपल्यात घटस्फोट नाही. मी म्हटलं, "आई खोटं बोलत नाही. तिच्या तरुणपणी तसंच होतं."

ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला घटस्फोट कायदा इंग्रजांनी १८६९ मध्ये केला. त्याच्या कलम १० नुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला, काही मोजकी कारणं सोडली तर, व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ, किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचा पुरावा द्यावा लागे. नुसत्या छळावर फक्त वेगळं राहण्याचा हुकूम मिळे. म्हणजे नवरा नाही, पण लग्न आहेच! खुद्द इंग्लंडने १९३७ मध्ये छळ हे घटस्फोटाचं कारण मानलं. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही ते होतं. चर्चमध्ये लग्न केलेली बाई मात्र १८६९ मध्येच अडकून पडली.

अखेर काही बायकांनी कोर्टाला विचारलं, हा कायदा घटनेत बसतो का? केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये 'नाही' म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये, प्रगती वर्गीस खटल्यात, तेच ठरवलं. छळ किंवा टाकून देणं हे एकेकटंही घटस्फोटाला पुरेसं आहे, व्यभिचाराची जोड लागणार नाही, असा त्याचा अर्थ. बाईला छळ सोसत नांदायला भाग पाडणं हा तिच्या समानतेवर आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कावर घाला आहे, हे कोर्टाने मान्य केलं.

पुढे २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. नवरा-बायकोला सारखी कारणं आली, परस्परसंमतीने घटस्फोट आला. पोटगीवरची नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा गेली. जिल्हा न्यायालयाच्या हुकमावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागे, तेही गेलं.

मग त्या बाईला हे कोणी का सांगितलं नव्हतं? कारण निकाल कायद्याच्या पुस्तकात छापला जातो, चाळीत नाही. घरात मात्र आईची भीती मुलीकडे जाते. आणि "चर्चने लग्न रद्द केलं, आता मी मोकळी" असं समजणाऱ्याही भेटतात. तसं नसतं, बायांनो. चर्चचा निर्णय धर्मापुरता. कायद्याने मोकळं व्हायला कोर्टाचाच हुकूम लागतो. आपल्यासाठी ते वांद्र्याचं कौटुंबिक न्यायालय.

घटस्फोट घ्याच असं मी म्हणत नाही. राहायचं की निघायचं हे जिचं तिने ठरवावं. पण दार बंद आहे असं समजून कोणी आत राहू नये. मारहाण झाली तर सरकारी दवाखान्यात जा, केसपेपर जपून ठेवा, चौकीत तक्रारीची नोंद करा. कोर्टात तेच उपयोगी पडतं.

ती बाई जाताना म्हणाली, "आईलाही सांगते." तुम्हीही आज घरी गेल्यावर शेजारणीला सांगा.