डॉ. कोटणीस आणि मागे राहिलेले घर

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. गाव गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे आणि झोपणारे. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला होते आणि घरात भावंडांचा गोतावळा मोठा होता. द्वारकानाथ ऐन तारुण्यात असताना, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. देशासाठी घरदार पणाला लावणारी माणसे या गावातल्या तरुणांनी पुस्तकात वाचलेली नव्हती, ती त्यांच्या ओळखीपाळखीची होती.

द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टरकीची पदवी घेतली आणि पुढच्या पदव्युत्तर अभ्यासाची तयारी सुरू केली. पगारावर चालणाऱ्या घरातून एक मुलगा डॉक्टर होतो, तेव्हा त्यासाठी साऱ्या घराने पोटाला चिमटा घेतलेला असतो. तो शिकून मिळवता झाला की धाकट्यांची शिक्षणे होतील, बहिणींची लग्ने निघतील, आईवडिलांना विसावा मिळेल, हा त्या काळचा घरोघरचा हिशेब.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले. निधी जमला, रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे बाकीचे चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने ते निघाले. काम साधारण वर्षभराचे, असाच बोलीचा काळ होता. वर्षभराने मुलगा परत येईल, एवढ्या भरवशावर घरच्यांनी त्याला निरोप दिला.

पथक कँटनला उतरले, तेथून वुहान आणि पुढे चुंगकिंगला पोहोचले. तेथे असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. निघून जेमतेम काही महिने झाले होते. हिंदू घरात बाप गेल्यावर मुलाने परतावे, आईजवळ बसावे, याला कोणाच्या सांगण्याची गरज नसते. सहकाऱ्यांनीही परत जाण्याचा सल्ला दिला. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते पथकाबरोबर चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. वडिलांमागे घराचा भार भावांच्या खांद्यावर आला, आणि आईने पती गेल्याचे आणि मुलाची वाट पाहण्याचे दुःख एकाच वेळी सोसले. येनानकडे जाणारा तो रस्ता धरणे हा कोटणीसांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय मानला पाहिजे. पुढच्या लढायांतले धाडस त्यापुढे सोपे वाटते, कारण तेथे धोका त्यांच्या एकट्याच्या जिवाला होता.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले, अटल १९४० मध्ये. कोटणीस आणि बसू राहिले. १९३९च्या अखेरीस ते कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. त्याच भागात १२ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांचा मृत्यू झाला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात विष भिनले. बेथून यांचा संसार चीनला येण्याच्या कितीतरी आधी मोडला होता. त्यांनी फ्रान्सेस पेनी यांच्याशी दोनदा विवाह केला आणि दोनदा घटस्फोट झाला. मागे टाकून येण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे उरले नव्हते. कोटणीसांच्या मागे मात्र भरलेले घर होते. दोघांचा त्याग एका मापाने मोजला जातो, तेव्हा हा फरक नजरेआड होतो.

आघाडीवरचे इस्पितळ म्हणजे खेड्यातली रिकामी केलेली घरे. जखमी सैनिक मातीच्या ओट्यांवर निजवलेले, औषधे आणि अवजारे खेचरांच्या पाठीवर. जपानी फौजेची मोहीम जवळ आल्याची खबर लागली की सारा पसारा बांधून रातोरात दुसऱ्या खेड्यात हलायचे. १९४०च्या लढायांत कोटणीसांनी शेकडो जखमींवर उपचार केले. तीन दिवस आणि तीन रात्री न झोपता ते शस्त्रक्रिया करत राहिले, अशी त्या काळची आठवण सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. ते चिनी भाषा शिकले आणि तीत वर्ग घेऊ लागले. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तकही त्यांनी लिहायला घेतले होते.

रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी कोटणीसांची ओळख १९४०च्या उन्हाळ्यात, बेथून यांच्या समाधिस्थळी झालेल्या समारंभात झाली. १९४१च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. सोलापूरच्या घरातले कोणी त्या लग्नाला नव्हते, आणि आईच्या हातचे ओवाळणे सुनेच्या वाट्याला आले नाही. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव भारत आणि चीन यांवरून यिनहुआ असे ठेवले.

तोवर कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचार आणि विश्रांती यांसाठी आघाडी सोडून जाण्याचा आग्रह वरिष्ठांनी केला, पण त्यांनी मानला नाही. येथे त्यांच्या ध्यासाची दुसरी बाजू स्पष्ट दिसते. १९३९ मध्ये त्यांनी मागे ठेवले ते कर्त्या भावांचे घर होते. १९४२ मध्ये पणाला लागले ते नुकतेच मांडलेले, तान्ह्या मुलाचे घर. स्वतःच्या आजाराबद्दल डॉक्टर म्हणून त्यांना जे कळत होते, ते त्यांनी रुग्णाला नक्कीच वेगळ्या शब्दांत सांगितले असते. ८ डिसेंबर १९४२च्या रात्री झटके सुरू झाले आणि ९ डिसेंबरला हपै प्रांतातील गेगोंग या खेड्यात त्यांचा अंत झाला. वय ३२ वर्षे, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

भारतात त्यांची कीर्ती लवकर पसरली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. बंधू मंगेश कोटणीस यांनीही त्यांचे चरित्र लिहिले. चीनमध्ये शिजियाच्वांग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. भारतभेटीवर येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले.

कुओ चिंगलान यांच्या वाट्याला याहून खडतर आयुष्य आले. सव्वीस वर्षांच्या वयात, युद्ध चालू असताना, पदरात तान्हे मूल घेऊन त्या विधवा झाल्या. त्यांनी पुढे दुसरा विवाह केला आणि दालियन शहरात स्थायिक झाल्या. यिनहुआ वडिलांच्या वाटेने वैद्यकशास्त्र शिकू लागला आणि १९६७ मध्ये, पदवी हाती यायला थोडाच अवधी उरला असता, वयाच्या २४व्या वर्षी वारला. वडिलांना त्याने कधी जाणतेपणी पाहिले नव्हते. कोटणीसांच्या घरच्यांशी कुओ यांनी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीसांबरोबरच्या आयुष्याच्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या. २०१२ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, दालियन येथे त्यांचे निधन झाले.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचे स्मारक आहे. ते पाहायला जाणाऱ्याने डॉक्टरांच्या नावाबरोबर कुओ चिंगलान आणि यिनहुआ यांची नावेही मुलांना सांगावीत.