सहलीच्या वाटेवर जेवण कोठे करावे?

(शेतकरी अभ्यास सहलीच्या आदल्या दिवशी कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या पहाटे पाच वाजता आपली गाडी पुण्याहून सोलापूरकडे निघेल. मोहोळ आणि सोलापूर परिसरात रब्बी ज्वारी व कोरडवाहू शेतीचे प्रयोग पाहावयाचे आहेत. कार्यक्रमपत्रिका आपल्या हाती आहे. तीत एक गोष्ट लिहिलेली नाही, ती म्हणजे वाटेत जेवायचे कोठे. पिके शिकविणाऱ्या माणसाने जेवणावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मी अशीच चाळीस शेतकऱ्यांची सहल घेऊन गेलो होतो. दुपारचे दोन वाजून गेले होते. रस्त्याकडेला एक मोठे हॉटेल दिसले. प्रशस्त आवार, रंगीत दिवे. आत गिऱ्हाईक मात्र तुरळक. उशीर नको म्हणून मी तेथेच गाडी थांबवली. पाच मिनिटांत सर्व टेबलांवर भाजी आली. चाळीस जणांची भाजी पाच मिनिटांत येते, तर ती केव्हाची असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. संध्याकाळी नऊ जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. एका वयस्कर गृहस्थांना रात्री सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशीची शिवारफेरी रद्द झाली. ठिकाण मी निवडले होते, म्हणून चूक माझीच होती. तेव्हापासून मी बियाणे निवडावे तशी खाणावळ निवडतो.

कोठे थांबावे?

पूर्वी रस्ता गावातून जाई आणि एस. टी. स्थानकासमोरची खाणावळ आपोआप दिसे. महामार्ग चौपदरी झाल्यापासून तो बऱ्याच गावांना वळसा घालून किंवा उड्डाणपुलावरून जातो. वरून दिसतात ती मोठी हॉटेले. गावच्या खाणावळी खाली राहिल्या. म्हणून भूक लागण्याच्या अर्धा तास आधीच गाव ठरवावे आणि सेवा रस्त्याने खाली उतरावे. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील, ती लागू द्यावीत.

गावात एस. टी. स्थानक, बाजार समितीचे आवार किंवा तहसील कचेरी यांच्या आसपास पाहावे. तेथे हमाल, चालक, कारकून रोज जेवतात. वाटसरू एकदा जेवतो आणि निघून जातो. रोजचे गिऱ्हाईक मात्र वाईट जेवण मिळाले तर उद्या येत नाही. खाणावळवाल्यावर हा धाक असतो आणि त्याचा फायदा आपल्याला मिळतो.

विचारण्याचीही पद्धत आहे. "चांगले हॉटेल कोठे आहे?" असे विचारले की लोक मोठ्या हॉटेलाकडे बोट दाखवितात. पंक्चरवाल्याला किंवा कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असे विचारावे. उत्तर बहुधा वेगळे येते.

काय पाहावे?

1) फळ्यावर पदार्थ किती आहेत ते पाहावे. तीन-चारच असतील तर ते बहुधा आजच शिजविलेले असतात. पन्नास पदार्थ असतील तर काही तरी आधीच करून ठेवलेले असणारच.

2) अन्नातून वाफ निघाली पाहिजे. शिजविलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअस तापमानात पडून राहिले की त्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहिलेली भाजी, भात किंवा मांस टाळावे.

3) पाणी घरून न्यावे किंवा उकळलेले मागावे. पाण्याची खात्री नसेल तर चिरून ठेवलेला कांदा, काकडी व कोशिंबीर खाऊ नये. हात साबणानेच धुवावेत.

4) अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार लहान खाणावळीलाही नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे काय ते पाहावे.

5) चाळीस माणसे एकाच लहान खाणावळीत शिरली तर तिची तारांबळ उडते. सकाळीच फोन करून कळवावे किंवा दहा-दहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसावे.

भाकरीची परीक्षा

सोलापूरच्या वाटेवर आणखी एक सोपी परीक्षा आहे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की विरी जाते. त्याची भाकरी थापताना कडा चिरतात, ती फुगत नाही, पदर सुटत नाही. भाकरी मागवावी आणि पदर पाहावा. पदर सुटला तर पीठ ताजे आहे आणि भाकरी आताच थापली आहे. ज्या घरी पीठ ताजे, तेथे बाकीचेही बहुधा ताजे असते. भाकरीला थोडे थांबावे लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

वाटेवर काय मागावे?

जे त्या शिवारात पिकते ते मागावे. पुण्यापासून सुमारे 100 किलोमीटरवर भिगवण आहे. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी तेथवर पसरते आणि तेथे मासळीचा मोठा बाजार भरतो. मासे खाणाऱ्यांनी परतताना तेथे थांबावे. पुढे मोहोळ-सोलापूरकडे ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगांची चटणी आणि हुलग्याच्या शेंगोळ्या विचाराव्यात. कडक भाकरी बरोबर घेता येते, ती टिकते. थंडीत हुरडा मिळतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मालदांडी 35-1 हा प्रसिद्ध वाण मोहोळ येथेच निवड पद्धतीने तयार झाला. उद्या आपण ज्या मातीत हे पीक पाहणार, तेथेच ते ताटात यावे.

मागाल तर मिळेल

मागच्या सहलीत आम्ही मोहोळमध्ये एका लहान खाणावळीत बसलो. आपले तात्या आज येथेच बसले आहेत, त्यांच्या परवानगीने सांगतो. सहा एकरांत मालदांडी घेणारा हा माणूस. त्यांनी मागितली तंदुरी रोटी. मी म्हटले, "तात्या, तुमची ज्वारी आणि तुम्हीच तंदुरी?"

तात्या म्हणाले, "सर, घरी रोज भाकरीच असती की."

खाणावळीच्या मावशींना मी विचारले, "मावशी, भाकरी मिळेल का?"

"मिळंल की. पर जरा बसावं लागंल. मागतंय कोण आता? वाटंवरची माणसं रोटीच मागत्यात, म्हणून ज्वारी आणायचीच कमी केली."

त्यांनी भाकऱ्या थापल्या. तात्यांनी पहिलीचा पदर उचलून पाहिला आणि काही न बोलता तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना त्यांनी विचारले, "मावशी, ज्वारी कुठनं घेता?" "दुकानातनं." त्या हंगामात तात्यांनी एक पोते त्यांच्याकडे पाठविले. एका पोत्याने बाजारभाव हलत नाही, हे मलाही कळते. परंतु आपल्या राज्यात रब्बी ज्वारीचे क्षेत्र पुष्कळ घटले आहे. पेरा का घटला याची चर्चा आपण सभांत करतो आणि त्याच दिवशी हॉटेलात बसून भाकरी मागत नाही. पिकविणाराच मागत नसेल तर शहरातला प्रवासी कशाला मागेल?

आपल्यापैकी ज्यांची जमीन रस्त्याला लागून आहे त्यांनीही याचा विचार करावा. चूल, ताजे पीठ, स्वच्छ पाणी आणि चार पदार्थ एवढ्यावर चांगली खाणावळ चालू शकते. हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर हे वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिले आहेत, त्यांचाही उपयोग होईल.

तेव्हा उद्या पाण्याची बाटली भरून घ्यावी. दुपारचे जेवण मोहोळलाच आहे. मावशींना मी आज सकाळी फोन केला आहे. पहिले दहा जण त्यांच्याकडे, बाकीचे शेजारच्या तीन खाणावळींत. ताट समोर आले की आधी भाकरीचा पदर उचलून पाहावा.