जात्रेतील 'राणी'

स्त्रीभूमिका म्हटली की आपणां मराठी माणसांना बालगंधर्व आठवतात. येथे कोलकात्यात जुने रसिक 'चपल राणी'चे नाव घेतात. हे चपल भादुरी. त्यांच्या मातोश्री प्रभादेवी या शिशिरकुमार भादुरींच्या रंगभूमीवरील नामांकित अभिनेत्री. या शहराच्या नाट्यगृहांत १८७३ पासूनच स्त्रिया भूमिका करू लागल्या होत्या. परंतु जात्रा या बंगालच्या लोकनाट्यात नायिका दीर्घकाळ पुरुषच होत असत. १९५०च्या दशकात तरुण चपल जात्रेत आले, आणि अहमदनगरचा किल्ला लढविणारी आपली चांदबिबीही त्यांनी बंगाली प्रेक्षकांपुढे उभी केली.

पुढे जात्रेतही अभिनेत्री आल्या. ते न्याय्यच होते. पण त्याची किंमत या कलावंताला आपल्या भाकरीने मोजावी लागली. १९७०च्या दशकात भूमिका मिळेनाशा झाल्या. मिळेल ते काम त्यांनी केले. नंतर शीतलादेवीचे सोंग घेऊन ते तिची कथा भाविकांपुढे सादर करीत. त्यांच्यावर नवीन किशोर यांनी १९९९ मध्ये माहितीपट केला. २०१० मध्ये कौशिक गांगुली यांच्या 'आरेकटि प्रेमेर गल्पो' या चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसले.

प्रथा कालबाह्य होतात, व्हाव्यातही. परंतु प्रथेबरोबर तिच्यासाठी झिजलेल्या माणसालाही अडगळीत टाकावे काय? बालगंधर्वांच्या उतारवयाची कहाणी जाणणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका वाटू नये.