वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे भरण्याचे यंत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पवई येथे दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, अहवाल आणि हिशेबाचे वाचन आटोपल्यावर एखाद्या उपयुक्त विषयावर कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे. यंदा ती आज्ञा आम्हांस झाली. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले शाळामास्तर. आमचा नेम खडूच्या तुकड्यापलीकडे कधी गेला नाही. तरीही आम्ही शस्त्राचा विषय निवडला, याचे कारण या सभागृहातच बसलेले आहे. गेल्या वर्षभरात ज्ञातीतील दोन-तीन तरुणांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, आजोबांची रिव्हॉल्व्हरे घरात आहेत. काडतुसे महाग पडतात. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे यंत्र अमेरिकेतल्या चुलतभावाकडून मागवावे म्हणतो. पहिले यंत्र कोणते घ्यावे?"

प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचे उत्तर सरळ नाही. कारण अमेरिकेतील चुलतभावाला द्यावयाचे उत्तर वेगळे आणि पवईतील भावाला द्यावयाचे वेगळे.

आपल्या घराण्यांत ही हत्यारे आली कशी, ते आधी पाहू. कोणाचे पणजोबा खोत होते, कोणाचे पोलीस पाटील, कोणी पलटणीतून निवृत्त होऊन गावी परतले. इंग्रज सरकारने १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य प्रजेस निःशस्त्र केले, तेव्हा घरात परवान्याचे हत्यार असणे ही प्रतिष्ठेची खूण ठरली. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पाटीलकीची वतने गेली, मंडळी मुंबईस आली. पेटीतील रिव्हॉल्व्हर मात्र राहिले. खंडेनवमीस त्यावर हळदकुंकू पडते आणि वर्षभर ते कपाटात निजते. या वस्तूविषयी तरुणांना ममत्व वाटते, यात आम्हांस गैर काहीच दिसत नाही.

आता यंत्राकडे वळू. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. घोडा टोपीवर आदळतो, टोपी पेटते, दारू जळून वायू होतो आणि तो गोळीस पुढे ढकलतो. पुंगळी तेवढी मागे उरते. उष्णतेने व दाबाने ती किंचित फुगलेली असते. तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणणे, जळालेली टोपी काढून नवी बसविणे, तोंड किंचित रुंद करणे, तोलून दारू घालणे, गोळी बसविणे आणि कड आवळणे, इतका हा उद्योग आहे. यंत्र म्हणजे मूलतः एक भक्कम तरफ. ती पुंगळीस साच्यात ढकलते.

ही यंत्रे तीन जातींची असतात. एकेरी यंत्रात एका वेळी एकच साचा आणि एकच क्रिया. दुसऱ्या जातीत माथ्यावरील फिरत्या चकतीत तीन-चार साचे एकदम बसतात. तिसऱ्या जातीत दर दांड्यागणिक एक काडतूस तयार होऊन बाहेर पडते. नवशिक्याने निःसंशय एकेरी यंत्र घ्यावे. बाराखडी गिरविल्याशिवाय जोडाक्षर येत नाही, तशातलाच हा प्रकार. एकेरी यंत्रात वेग नाही; परंतु प्रत्येक पुंगळी प्रत्येक पायरीला हाताखालून आणि नजरेखालून जाते. आर. सी. बी. एस., ली, लायमन, हॉर्नडी या अमेरिकन नावांपैकी कोणाचेही एकेरी यंत्र पहिल्या पाठास पुरेसे आहे. त्यापेक्षा महत्त्वाच्या वस्तू तीन : अचूक तराजू, बारीक माप घेणारा कॅलिपर आणि छापील, अधिकृत कोष्टकांचे पुस्तक. दारू ग्रेनमध्ये तोलतात, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. यावरून तराजूची योग्यता ध्यानात यावी. रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळीसाठी कार्बाइडचा साचा घेतल्यास दर वेळी पुंगळीस तेल लावण्याचा त्रास वाचतो.

जुन्या रिव्हॉल्व्हरांत एक धोका विशेष आहे. त्यांपैकी कित्येकांची काडतुसे मुळात काळ्या दारूच्या काळात ठरली. ती दारू पुष्कळ घालावी लागे, म्हणून पुंगळी मोठी. आजची धूररहित दारू थोडकीच पुरते आणि पुंगळीच्या तळाशी बसते. मन विचलित होऊन तीच पुंगळी दुसऱ्यांदा भरली गेली, तरी वरून सहजी कळत नाही. दुप्पट भार मात्र चक्र फोडून हाताच्या चिंधड्या करू शकतो. शिवाय काळ्या दारूसाठी घडविलेल्या हत्याराचे पोलाद नव्या दारूच्या दाबास टिकेलच असे नाही. सबब यंत्र निवडण्यापूर्वी हत्यार जाणत्या कारागिरास दाखवावे. नळी झिजली आहे काय, चक्राचे प्रत्येक घर नळीच्या तोंडाशी नेमके थांबते काय, आणि हत्यारास कोणते काडतूस चालते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तराजू हाती धरू नये. नावे फसवी असतात. .३८ असा आकडा धारण करणारी निरनिराळी काडतुसे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

अमेरिकेतील चुलतभावाचे उत्तर येथे संपले. तेथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. राज्याराज्यांचे नियम मात्र त्याने पाहून घ्यावेत.

आता पवईतील भावाकडे येऊ. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची व्याख्या दिली आहे, ती प्रत्येक तरुणाने स्वतः वाचावी. तीत केवळ भरलेले काडतूस येत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ज्या यंत्राची आपण चौकशी करीत आहात, ते यंत्रच कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा आहे! ते परदेशातून आणावयाचे तर दहाव्या कलमाचा परवाना हवा. चुलतभावाच्या बॅगेत कपड्यांखाली ते येऊ शकत नाही. काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा बनविणे, आणि त्यास पाचव्या कलमाचा परवाना हवा. हत्यार बाळगण्याचा परवाना त्या कामी उपयोगी पडत नाही. परवान्यावाचून दारूगोळा बनविणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षे आणि कमाल आजन्म कारावासाची शिक्षा सांगितली आहे. काडतुसामागे चार पैसे वाचविण्यासाठी सात वर्षे गहाण टाकणे, हा हिशेब आमच्या चौथीच्या मुलांनीही चुकीचा ठरविला असता.

मग वारसाने करावे काय? पहिली गोष्ट, परवाना कोणाच्या नावाचा आहे ते पाहावे. आजोबा गेले असतील तर त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. हत्यार कपाटात असले तरी ते आता विनापरवाना आहे. तिसऱ्या कलमाविरुद्ध साधे अग्निशस्त्र नुसते बाळगले, तरी दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. एकविसाव्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात, किंवा नियमानुसार परवानाधारक व्यापाऱ्याकडे, जमा करावे. जमा केले म्हणजे गमावले, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. वारसास ठराविक मुदतीत परवाना मिळवून ते परत घेता येते, अथवा अधिकारी माणसास विकता येते. मुदत उलटू दिली, तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते. मुंबईत हा परवाना पोलीस आयुक्त देतात. भावाबहिणींची लेखी संमती आधीच घ्यावी. नाही तर हत्यार राहील बाजूस आणि घरातच लढाई जुंपेल.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षे झाली, की हयातीतच वारस नेमून त्याच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्युपत्र करतो तसे हेही करून ठेवावे.

तिसरी गोष्ट संख्येची. २०१९ पासून एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारसाहक्कानेही ही मर्यादा ओलांडता येत नाही. चौथी गोष्ट बोअरची. पलटणीतून आलेली पुष्कळशी रिव्हॉल्व्हरे .४५५ किंवा .३८० बोअरची असतात. ही काडतुसे ज्यांत बसतात ती हत्यारे निषिद्ध वर्गात मोडतात, आणि त्यांस केंद्र सरकारची खास परवानगी लागते. आणि जे जुनाट हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही, त्यास पंचेचाळिसाव्या कलमात सूट आहे. परंतु ते तसे आहे की नाही, हा निर्णय आपण घरी बसून करू नये.

ज्याचा परवाना नीट आहे, त्याने परवानाधारक दुकानातून परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच काडतुसे घ्यावीत. आपल्या राज्यातच, खडकी येथे, १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे; महाराष्ट्रातील माणसाने चोरून यंत्र आणण्याइतका दुष्काळ येथे नाही. येथील तलावाकाठची पावसाळी हवा लोखंडास वैरीण आहे, तेव्हा पुसणे आणि तेल देणे चुकवू नये. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस कोणी बाळगू नये. निष्काळजीपणे तसे केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होतात. डोंगरापलीकडच्या राष्ट्रीय उद्यानातून बिबट्या येतो, ही सबबही सांगू नये. १९७२ च्या कायद्याने त्यास संरक्षण आहे, आणि त्याची खबर वनखात्यास द्यावयाची असते.

ज्या तरुणास खरोखर नेमबाजीची आवड आहे, त्याने नेमबाजीच्या संघटनेत नाव घालावे. कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत नोकरी करीत असता २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. ते पदक वडिलोपार्जित कपाटातून आले नव्हते. शिस्तीच्या सरावातून आले होते.

बंधुभगिनींनो, हत्यार वारशाने मिळते, पण ते बाळगण्याचा अधिकार वारशाने मिळत नाही. तो प्रत्येक पिढीने नव्याने मिळवावा लागतो. तेव्हा पहिले यंत्र कोणते, या प्रश्नास पवईपुरते आमचे उत्तर असे, की यंत्र राहू द्यावे आणि पहिला अर्ज करावा. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी संमेलन संपताच आमच्याकडे यावे. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. आमचे अक्षर अजून बरे आहे.